काटकसरीलाही भांडवल लागतं : खारेगावातला दोन वर्षांचा हिशेब

सुईदोरा

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे, धागा काढायची ही पहिलीच वेळ. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी ह्यांची ठाणे-बेलापूर रोडवरची कंपनी बंद पडली. हातात येणारे ३४,००० थांबले. सहा महिने घरी काढले, मग रबाळ्याला एका कंत्राटदाराकडे १९,००० वर लागले. मी घरी साड्यांचं फॉल-बिडिंग आणि ब्लाऊज शिवते, त्याचे महिन्याला सहा-सात हजार सुटतात. म्हणजे पंचवीस-सव्वीस हजारांत आम्ही चौघं : हे, मी, आठवीतली लेक आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. कळव्यात खारेगावला वन रूम किचन, भाडं ८,५००.

काटकसरीवर इथे आधीही धागे आलेत. देठांची चटणी, शिळ्या पोळीचा कुस्करा, साय साठवून तूप. हे सगळं आईच्या हाताखालीच शिकले. मला सांगायचंय ते वेगळं. पहिल्या वर्षी मी जीव तोडून काटकसर करत होते आणि तरी महिनाअखेरीला वाण्याची उधारी राहायचीच. असं का होतंय हे कळायला तीन महिने पै न् पैची वही लिहावी लागली.

पैसा हातात नसला की माणूस सगळं सुटं घेतं. पाव किलो तेल, अर्धा किलो डाळ, शाम्पूची पुडी, दोन किलो कांदे. प्रत्येक वेळी वाटतं, थोडक्यात भागलं. पण वहीत किलोचा भाव काढला तर सगळ्यात महाग खाणारे आम्हीच! त्यात वाण्याकडे उधारीचं खातं असलं की भाव विचारायला तोंड राहत नाही. तीच तूरडाळ ठाण्याच्या जांभळी नाक्यावर किलोमागे पंधरा-वीस रुपयांनी कमी, पण तिथे रोख लागते. ह्यांचा लोकलचा पास महिन्याचा काढायचो. तिमाही पास महिन्याच्या पासाच्या २.७ पट पडतो, म्हणजे वर्षभरात एका महिन्याच्या पासाहून जास्त पैसे वाचतात. पण तीन महिन्यांचे पैसे एकदम आणायचे कुठून?

हाच माझा मुद्दा आहे. काटकसर करायलाही आधी गाठीला थोडे पैसे लागतात. ते नसले की नुसते हाल होतात, आणि आपण त्यालाच काटकसर म्हणत बसतो.

आमच्या बिल्डिंगमध्ये बारा जणींची भिशी आहे, महिना १,५००. माझा नंबर तिसऱ्या महिन्यात लागला, १८,००० हातात आले. त्या पैशांचं मी काय केलं ते सांगते, कारण त्यावरच पुढची गाडी रुळावर आली. आधी वाण्याची ४,२०० उधारी फेडून खातं बंद केलं. मग एका टेलरकडून जुनं पिको मशीन ७,००० ला घेतलं. त्याआधी पिकोसाठी साड्या बाहेर द्यायचे आणि निम्मी मजुरी तिकडेच जायची. तिमाही पास काढला. राहिलेल्या पैशांतून सासूबाईंची तीन महिन्यांची औषधं आणि गहू-कांदा.

औषधांचंही सांगते. डॉक्टरांना मोकळेपणाने विचारलं, औषधाचं मूळ नाव लिहून द्याल का? त्यांनी जरासुद्धा आढेवेढे घेतले नाहीत. टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन, दोन्ही जनऔषधीच्या दुकानात मिळाली, खर्च निम्म्याच्या खाली आला.

कांदा आम्ही चार घरं मिळून तुर्भ्याच्या मार्केटातून आणतो, पण एप्रिल-मेमध्येच. तेव्हाचा उन्हाळ कांदा पातीकडे घट्ट बंद असतो, साल कोरडी वाजते, तो चार महिने टिकतो. दिवाळीनंतरचा लाल कांदा कितीही स्वस्त मिळाला तरी गोणीने घेऊ नका, पंधरा दिवसांत पाणी सुटतं. आमच्याकडे कॉटखाली कागदावर एक थर पसरलेला असतो. बटाटे त्याच्या जवळपासही नाहीत. आठवड्यातून एकदा लेक टॉर्च घेऊन कॉटखाली शिरते आणि नरम पडलेले निवडून काढते.

रात्री जेवणं झाली की मी फॉल लावायला बसते. फॉलचं कापड आधी तासभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेते. ते न केल्यास पहिल्याच धुण्यात फॉल आटतो आणि साडीच्या काठाला चुण्या पडतात. घाईत हे टाळणारे पुष्कळ आहेत. मी टाळत नाही, म्हणून गिऱ्हाईक परत येतं. हातशिलाईचा टाका साडीच्या सुलट बाजूने दिसता कामा नये, एकच धागा उचलायचा. रात्रीच्या उजेडात आता मला सुई ओवता येत नाही, म्हणून लेक झोपण्याआधी सहा सुया ओवून उशीला टोचून ठेवते. सहा सुयांत दोन साड्या होतात.

तुमच्याकडे काय करता ते लिहा. विशेषतः ज्यांनी कमी पैशांत दिवस काढलेत त्यांनी.

---

कोपरखैरणेची

ताई, 'काटकसर करायलाही आधी गाठीला पैसे लागतात' हे वाक्य वाचून पुढे सरकताच आलं नाही. आमच्या बैठ्या चाळीत हेच बघत मोठी झाले. आई रोज संध्याकाळी त्या दिवसापुरतं तेल आणायला पाठवायची, बाटली घेऊन.

पण भिशीबद्दल सावध करते. आमच्याकडे भिशी चालवणारी बाई आठव्या महिन्यात खोली सोडून गेली. माझे १२,००० गेले, अजून पाच जणींचे गेले. कागद नव्हता, पावती नव्हती. तक्रार तरी कशाच्या जोरावर करणार? त्यापेक्षा पोस्टात आरडी उघडा. महिना १०० रुपयांपासून सुरू होते.

---

सुईदोरा

@कोपरखैरणेची, वाचून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं खरं आहे. आमच्याकडे एकीच्या हातात पैसे राहत नाहीत. पाच तारखेला बाराही जणी एका घरी जमतात, पैसे तिथल्या तिथे मोजून जिचा नंबर तिला देतात, आणि वहीवर बाराही जणींच्या सह्या होतात. बाहेरची बाई घेत नाही. लवकर नंबर घेणारीने तिच्या हमीसाठी भिशीतलीच दुसरी बाई उभी करायची. माझ्यासाठी तळमजल्यावरच्या वहिनी उभ्या राहिल्या, ते मी विसरणार नाही.

आरडीत पैसे सुरक्षित राहतात, पण तिसऱ्या महिन्यात १८,००० हातात येत नाहीत. मला तेव्हा साठवायचे नव्हते, उभं राहायला हवे होते. आता मशीन चालू लागल्यावर लेकीच्या नावाने ५०० ची आरडी उघडलीय.

---

घणसोली_से५

लेख मनापासून आवडला, वाचनखूण साठवली. एक वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नका.

खर्च कमी करण्याला तळ असतो. भाडं, शाळा, औषध, जेवण याखाली जाता येत नाही. कमाईला तसा तळ नाही. मी स्वतः आयटीआय करून तीन वर्षं रात्रपाळी केली आणि दिवसा कोर्स केला, तेव्हा कुठे पगार दुप्पट झाला. तुम्ही एका साडीच्या फॉलला पाऊण तास देता, शंभर रुपये घेता असं धरू. मग तुमचा तास शंभराच्या वर गेला. तुर्भ्याला जाऊन कांदा आणण्यात अर्धा रविवार घातला तर साडीच्या हिशेबात तो कांदा महाग पडला की. स्टेशनपासून शेअर रिक्षाचे पैसे वाचवायला चालत येणं, तेही तसंच. वेळेचाही हिशेब वहीत यायला हवा असं मला वाटतं.

---

सुईदोरा

राग कसला, हा विचार मीही केलाय. पण तास विकला जात असेल तरच त्याची किंमत. मार्गशीर्ष ते मे लग्नसराईत माझ्याकडे साड्यांचा ढीग असतो, तेव्हा मी कांदा आणायला जात नाही, शेजारच्या दोघी जातात आणि मी त्यांचे ब्लाऊज करून देते. तेव्हा रिक्षाही करते. आषाढात आणि पितृपक्षात मात्र पंधरा-पंधरा दिवस एक साडी येत नाही. तेव्हा माझा तास कोण घेणार? तेव्हा चालते, धान्य निवडते, लेकीचा जुना फ्रॉक उसवून उशीचे अभ्रे करते.

कमाई वाढवायचं पटतं. पिको मशीन त्यासाठीच घेतलं. हे सुद्धा रबाळ्याहून आल्यावर आठवड्यातून दोन दिवस एका वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे कम्प्युटरवर चालणारं मशीन शिकायला जातात. वय ४४. घरी येतात तेव्हा साडेदहा वाजलेले असतात, डोळे लाल. त्या दोन दिवसांत मी ताजी भाजी-पोळी करून ठेवते, शिळं देत नाही.

---

रोहित्र

मी वायरमन आहे, वाशी ते ऐरोली कामं करतो. ताईंच्या हिशेबात लाइट बिल दिसलं नाही म्हणून लिहितो.

महावितरणच्या घरगुती बिलात पहिली १०० युनिटं एका दराने असतात, १०१ ते ३०० चा दर त्याच्या दुपटीच्या आसपास. म्हणजे बिल १२० युनिटांचं असेल तर वरची २० युनिटं सगळ्यात महाग. आधी ती कापायची. बहुतेक घरांत लोक ट्यूब बंद करत फिरतात, पण एलईडी ट्यूब खाते किती? खरी वीज पंखा आणि फ्रिज खातात, कारण ते दिवसभर चालू असतात. जुना पंखा ७५ वॅटचा. रोज सोळा तास चालला तर महिन्याला ३६ युनिटं झाली. बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, तो तेवढ्याच वेळात साडेचौदा युनिटं खातो. पंखा अडीच-तीन हजारांचा येतो, म्हणजे इथेही ताईंचाच मुद्दा : आधी पैसे घाला, मग वाचवा. दोन पंखे एकदम बदलू नका. ज्या खोलीत आजी दिवसभर असतात तिथला आधी बदला.

फ्रिजचं आज रात्री करून बघा. दारात दहाची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज सुटली तर दाराचं रबर गेलंय, थंडावा बाहेर जातोय आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. रबर आधी कोमट साबणपाण्याने पुसा, पुष्कळदा नुसती चिकटलेली घाण असते. फ्रिज भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे वीतभर जागा सोडा.

---

कोपरखैरणेची

@रोहित्र, नोट सुटली! चारही बाजूंनी. रबर पुसलं, खालची बाजू अजून सैल आहे. रविवारी बदलून घेते.

---

किसननगर_जुना

माझं वय ७१. सुईदोरा ताईंचा धागा काल रात्री वाचला आणि आज पुन्हा वाचला.

ठाण्याची वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत, १९६२ ची. आमच्या तरुणपणी सकाळी सातला किसननगरपासून चेकनाक्यापर्यंत माणसांची रांग चाललेली असायची, हातात डबा. १९८६ साली आमच्या कंपनीला टाळं लागलं. आज उघडेल, उद्या उघडेल म्हणत आम्ही चौदा महिने गेटसमोर बसलो. कामगारांच्या पतपेढीतून घेतलेलं कर्ज त्याच काळात थकलं. मी पहाटे पेपर टाकायचो, दुपारी एका प्रेसमध्ये बाइंडिंग करायचो, सणाला उटणं आणि उदबत्त्या घरोघरी विकायचो. घरी बसलं की डोकं फिरायचं, म्हणून मधला वेळ ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात काढायचो. १८९३ पासून चालू असलेली संस्था आहे. तिथे वर्तमानपत्र वाचत बसलेल्या माणसाला, तुझी नोकरी आहे का, असं कुणी विचारत नाही. त्या दिवसांत हे माझ्यासाठी फार मोठं होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. त्या चौदा महिन्यांत आमच्या घरात दूध अर्धा लिटर यायचं. मुलांना, आईला, माझ्या चहाला. बायको काळा चहा प्यायची आणि सांगायची की मला दूध सोसत नाही. मी ते खरं मानलं. बत्तीस वर्षांची बाई, तिला अचानक दूध सोसेनासं कसं झालं, हे माझ्या मनातही आलं नाही. डाळीत वरचं पाणी तिच्या ताटात, भाजी संपली की तिची पोळी चटणीशी. पुढे कंपनीचे पैसे मिळाले, मी दुसरीकडे लागलो, घर सावरलं. ती चाळिशीत असताना हिमोग्लोबिन सात निघालं, चक्कर येऊन जिन्यात पडली, मनगट मोडलं. डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं विचारलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती.

वहीत भाडं, किराणा, पास सगळं लिहिलं जातं. घरातल्या बाईने स्वतःचं काय काय कापलं ते कुठल्याच वहीत येत नाही. ताई, तुम्ही तुमच्या लेखात सासूबाईंचं औषध लिहिलंत, ह्यांचा पास लिहिलात, लेकीचं लिहिलंत. स्वतःबद्दल एवढंच लिहिलंत की रात्री सुई ओवता येत नाही. तुमचं वय चाळिशीच्या आसपास असावं. डोळे तपासलेत का? मी विचारतोय त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तेव्हा मी माझ्या घरात विचारलं नाही.

---

घणसोली_से५

काका, काय लिहावं कळत नाही. आईला फोन केला आत्ता.

---

पासबुक

मी बँकेत काउंटरवर बसते. दोन गोष्टी सांगते, कारण अशा घरावर एखादं आजारपण किंवा अपघात आला की दोन वर्षांची मेहनत एका रात्रीत जाते.

प्रधानमंत्री जीवनज्योती विमा वर्षाला ४३६ रुपये, वय १८ ते ५० मध्ये घेता येतो, मृत्यू झाल्यास घरच्यांना २ लाख. सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघातासाठी २ लाख. दोन्ही बचत खात्यातून आपोआप कापले जातात आणि मुदत १ जून ते ३१ मे. गडबड इथेच होते. मेअखेरीला खात्यात पैसे नसले की हप्ता कापला जात नाही, विमा बंद पडतो, आणि घरच्यांना वाटत असतं की चालू आहे. माझ्यासमोर अशी एक बाई मृत्यूचा दाखला घेऊन उभी राहिली होती, आणि मला नाही म्हणावं लागलं. मे महिन्याच्या वीस तारखेला खात्यात हजार रुपये ठेवा आणि जूनमध्ये पासबुक भरून एंट्री डोळ्यांनी बघा. तुमचे साहेब कंत्राटी कामावर असतील तर दोन्ही विमे घ्याच.

सासूबाई ७६ च्या आहेत म्हणता, तर एसटीने गावी जाताना त्यांना तिकीट नाही, पंचाहत्तरीच्या पुढे प्रवास मोफत आहे. तुम्हाला आणि लेकीला अर्धं. वयाचा पुरावा जवळ ठेवा.

---

खडू_फळा

शिक्षिका आहे, अनुदानित शाळेत. लेक आठवीत आहे हे वाचून राहवलं नाही. मुलगी शासकीय, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल तर एनएमएमएस या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा. आठवीतच देता येते, नंतर संधी नाही. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, थेट मुलीच्या खात्यात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत हवं. तुमचा आकडा त्यात बसतो. सातवीत ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सवलत. अर्ज शाळेमार्फतच जातो, म्हणून उद्याच वर्गशिक्षकांना भेटा. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्याचं कामही लगेच सुरू करा, शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.

पेपर दोन असतात, एक बुद्धिमत्ता चाचणीचा आणि एक विज्ञान, समाजशास्त्र, गणिताचा. क्लासची गरज नाही. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवू द्या. आमच्या शाळेतल्या निवड झालेल्या मुलींपैकी बहुतेकींच्या आया घरकाम करतात.

---

सुईदोरा

तीन आठवडे इकडे फिरकता आलं नाही, क्षमा असावी. सगळ्यांना एकत्रच लिहिते.

@खडू_फळा, सातवीत तिला ७८ टक्के आहेत. परीक्षेचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी शाळेत गेले, बाईंनी यादीत नाव घेतलं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्या फेरीत मिळाला. आता लेक रोज संध्याकाळी एक प्रश्नपत्रिका सोडवते, आजी घड्याळ घेऊन समोर बसतात.

@पासबुक, दोन्ही फॉर्म भरले. ह्यांचे आणि माझेही.

@रोहित्र, आमचा फ्रिज नोट धरून ठेवतो, पण भिंतीला चिकटवलेला होता. पुढे ओढला. पंखा पुढच्या भिशीला.

@किसननगर_जुना काका, तुमचा प्रतिसाद मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. दुधाचं आलं तिथे मी थांबले, पुढचं त्यांनीच वाचलं. नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, तू कधीपासून बिनदुधाचा पितेस? मी सांगितलं, गेल्या श्रावणापासून. दुसऱ्या दिवसापासून पाव लिटर वाढवलंय. महिन्याचे साडेचारशे होतात, वहीत वेगळी ओळ केली आणि ओळीवर माझं नाव लिहिलं. लिहिताना हात अडखळला.

डोळे तपासले. जवळचा नंबर निघाला, दीडचा. साध्या फ्रेमसकट चष्मा ६५० ला झाला. परवा रात्री लेक सुया ओवायला बसली तर म्हटलं, थांब, बघू दे. बिस्किटी रंगाचा दोरा होता, तो सगळ्यात त्रास देतो. एका झटक्यात ओवला गेला. तिने उरलेल्या पाच सुया माझ्याकडे सरकवल्या आणि प्रश्नपत्रिका पुढे ओढली.